भाकरीला सोबत

दत्ताची जत्रा उठली की आमच्या वाडीतला वास बदलतो. अंगणात सोललेली सुपारी वाळत पडलेली असते, तिचा तुरट ओलसर वास. बांधावर भांबुर्डी माजलेली असते. तिच्यातून नुसतं चालत गेलं तरी पायांना ओव्यासारखा वास चिकटून घरापर्यंत येतो. सकाळी विहिरीचं पाणी कोमट लागतं, नारळांच्या शेंड्यांवर धुकं अडकून बसतं, आणि फोन सुरू होतात. शनिवार-रविवार खोली आहे का? जेवण घरचं ना? मडक्यातली पोपटी लावता का? लहानपणी आमच्याकडे सीझन म्हणजे वालाचा, नाहीतर सुक्या मासळीचा. आता चौलपासून पार पुढच्या किनाऱ्यापर्यंत सीझन म्हटलं की एकच.

यंदाही फोन सुरू झालेत. बायकोने, मंगलने, गाद्या उन्हात टाकल्यात. मी मात्र फोन वाजला की दचकतो. गेल्या वर्षीच्या सीझनचा एक आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. दोन लहान जनावरं एकमेकांकडे बघत दात वाजवतायत, तो आवाज.

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक म्हणत नाहीत, पाहुणे म्हणतात. पाटीवरही तसंच लिहितात. हा शब्द कोणी काढला माहीत नाही, पण त्याने माझं फार सोपं केलं. पाहुणा आला की त्याला आपली गादी द्यायची आणि आपण सतरंजीवर आडवं व्हायचं, त्याच्या ताटात मोठी तुकडी आणि आपल्या ताटात शेपटी, हे आमच्या हाडात मुरलेलं आहे. धंद्याला ते आयतं मिळालं. गिऱ्हाइकासाठी मुलीची खोली रिकामी कर म्हणताना माझी जीभ अडखळली असती. पाहुण्यांसाठी अडखळली नाही.

केतकीची खोली घरातली सगळ्यात चांगली. खिडकीबाहेर सुपारीची रांग, आणि भरतीच्या वेळी समुद्राचा आवाज येणारी ती एकच खोली. दहावीत असताना ती पेणहून दोन गिनीपिग घेऊन आली, एका मैत्रिणीकडे पिल्लं झाली होती म्हणून. दोघी बहिणी. एक पांढरी, अंगावर तपकिरी डाग, तव्यावर टाकलेल्या तांदळाच्या भाकरीसारखी; तिचं नाव भाकरी. दुसरी लालसर, तिचं नाव चटणी. आमच्या पाखाडीत असलं जनावर कोणी पाहिलं नव्हतं. दारावर मासळी घेऊन येणारी यमुना पाटी उतरवायच्या आधी खिडकीतून डोकावायची आणि विचारायची, "भाऊ, ह्या घुशी कवा कापनार?"

"घुशी नाहीत गं त्या."

"मंग ससे?"

"ससेही नाहीत."

"मंग तुला तरी ठाव हाय काय कशाला पोसतोस त्या?"

मला ठाऊक नव्हतं. पण कोथिंबिरीची पिशवी नुसती खुळखुळली की दोघी मिळून कुई कुई करत घर डोक्यावर घ्यायच्या, आणि आतल्या खोलीतून केतकी ओरडायची, "आधी त्यांना द्या, मग आमटीत टाका." पाच वर्षं आमच्या घरात कोथिंबीर चोरून आणता आली नाही.

मग केतकी शिकली, पनवेलला नोकरीला लागली, आणि चार मुलींबरोबर एका बाईंच्या घरी पेइंग गेस्ट म्हणून राहू लागली. जनावरांना तिथे परवानगी नव्हती. जाताना तिने दोघींना माझ्याकडे सोपवलं. मंगलकडे नाही, माझ्याकडे. "आईला कामं असतात. तुम्ही बघा," म्हणाली. त्याच श्रावणात चटणी गेली. वय झालं होतं. मी तिला वाडीत पुरलं आणि केतकीला फोन केला. ती फक्त म्हणाली, "भाकरीला तिच्याजवळ बसू दिलंत का थोडा वेळ?" मी हो म्हणालो. बसू दिलं नव्हतं.

दिवाळी आली, फोन वाढले, आणि मी केतकीची खोली पाहुण्यांना उघडली. तिचं सामान माळ्यावर, भाकरीचा पिंजरा मागच्या पडवीत. केतकीला मी सांगितलंही नव्हतं. एका शनिवारी ती येते म्हणाली तेव्हा सांगावं लागलं. "या शनिवारी नको येऊस. पाहुणे आहेत." मग ती म्हणाली, "बरं." तिच्या 'बरं'मध्ये दार लावल्यासारखं काहीतरी होतं. मी ते ऐकलं आणि पुढच्या फोनवर पोपटीची ऑर्डर घेतली.

पडवीत गेल्यापासून भाकरी गप्प झाली. पिशवी खुळखुळली तरी आवाज नाही. कोथिंबीर समोर ठेवली तर खायची, पण मागायची नाही. लाकडी पेटीत, तोंड भिंतीकडे करून बसून राहायची. यमुनेच्याही लक्षात आलं.

"मुकी झाली काय रं तुझी घूस?"

"वय झालं असेल."

"वय कसलं. एकटी हाय ना ती. मानूस पन असाच व्हतो."

हे वाक्य मी झेलायलाच बसलो होतो. आज कबूल करतो, भाकरी का गप्प झाली याची दोन कारणं मला दिसत होती. बहीण गेली होती, आणि खोलीही गेली होती. बहिणीबद्दल मला काहीतरी करता येण्यासारखं होतं, आणि ते केलं की खोलीबद्दल काही करावं लागणार नव्हतं. मी तेच कारण उचललं. वाचलं, विचारलं, ही जनावरं कळपातली, त्यांना एकटं ठेवू नये, असं सगळीकडे लिहिलेलं होतं आणि ते खरंच आहे. खरी गोष्ट आपल्या सोयीची निघाली की माणूस किती उत्साहाने कामाला लागतो. मी अलिबागला जाऊन एक तरुण मादी घेऊन आलो. काळी, डोक्यावर केसांचा भोवरा, डोळे तुकतुकीत. आणि घरी आल्यावर मी ते केलं, जे आमच्या किनाऱ्यावरचा कुठलाही घरमालक डोळे मिटून करेल.

आमच्या धंद्यात मंगलने मला शिकवलेला पहिला धडा असा : आधीच्या माणसाचा वास खोलीत राहता कामा नये. चादरी, अभ्रे, पायपुसणी, सगळं उतरवायचं. फरशी फिनेलने. खिडक्या उघड्या. नव्या पाहुण्याला वाटलं पाहिजे की ही खोली त्याच्यासाठीच होती. मी भाकरीला एका टोपलीत काढून ठेवलं. तिची पेटी साबणाने घासली, अंथरूण बदललं, पिंजरा उन्हात वाळवला, ताजं गवत पसरलं. आणि पाहुणीला आधी आत सोडलं. तिने चारी कोपरे हुंगले, पेटीत जाऊन बसली, निवांत झाली. मला बरं वाटलं. मग मी भाकरीला आत सोडलं.

ती दारातच थांबली. नाक वर करून हुंगत राहिली. जिथे तिचा वास असायला हवा होता तिथे साबण होता, आणि पेटीत दुसरीच कोणी होती. भाकरी स्वतःच्या घरात परकी म्हणून उभी होती आणि तिला तिथे आणून सोडणारा मी होतो. पाहुणी पेटीतून बाहेर आली, मान ताठ करून. तिच्या पाठीवरचे केस उभे राहिले होते. आणि तो आवाज सुरू झाला, मुठीत खडे घेऊन कोणी करकर हलवावेत तसा. आधी तरुण दातांचा, मग म्हाताऱ्या दातांचा.

मला वाटलं, ओळख होईल हळूहळू.

ओळख झाली नाही. पाहुणी भाकरीला पेटीत शिरू देईना, पाण्याजवळ येऊ देईना. भाकरी कोपऱ्यात सापडली की उलटून चावायला धावायची, आणि पांढरे-काळे केस गवतात उडायचे. तिच्या कानाला जखम झाली तेव्हा मी मधे लाकडी फळी घातली, तर फळीच्या दोन्ही बाजूंनी दोघी दात वाजवत बसल्या. पाहुण्यांची मुलं पडवीत येऊन फोटो काढायची. "अंकल, हे फाइट करतायत?" "खेळतायत," मी म्हणायचो.

यमुना पाटी टेकवून बघत राहिली आणि म्हणाली, "सोबत आनतो म्हनालास. ही तर सवत आनलीस, भाऊ."

मंगलचं वेगळंच. ती माझ्याशी बोलेना. कोलंबी सोलता सोलता एकदा म्हणाली, "अहो, मला विचारलंत तरी का, घरात आणायच्या आधी?"

"गिनीपिग आणायला काय विचारायचं?"

"गिनीपिगाचं नाही, खोलीतल्या पाहुण्यांचं म्हणतेय मी," ती म्हणाली आणि कोलंबीचा काळा धागा ओढून काढला.

नव्या जनावराला नाव कोणी ठेवलं नाही. 'पाहुणी' एवढंच राहिलं. माझ्याच तोंडचा तो शब्द, घरात सगळे तो मला टोचायला वापरायचे. पाहुणीला गवत घातलंत का? पाहुणीचं पाणी बदललंत का? बाहेर खरे पाहुणे वाडीत झोपाळ्यावर झुलत होते, पोपटीच्या मडक्यातून वालाच्या शेंगा निवडत वा वा म्हणत होते, आणि घरातल्या तीन माणसांपैकी एक लांब होतं आणि उरलेली दोघं एकमेकांशी धड बोलत नव्हती. किनाऱ्यावर आनंद विकणाऱ्या घरांत असं किती असतं, ते पाहुण्यांना कळत नाही. कळू नये म्हणून तर फिनेल.

मग भाकरीने खाणं सोडलं. म्हाताऱ्या गिनीपिगने खाणं सोडणं म्हणजे काय हे केतकीने मला जायच्या आधीच बजावून ठेवलं होतं. पोट थांबलं की जनावर जातं. तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरांनी औषध दिलं, पण तेही म्हणाले, "ही गुरं-कुत्री नाहीत, मला यातलं थोडंच कळतं." मी भाकरीला मांडीवर घेऊन, चटणी वाटावी तसं गवत वाटून तिच्या तोंडात घालत होतो. मंगलने मला न विचारता केतकीला फोन केला.

ती नाताळच्या सुट्टीत, ऐन गर्दीच्या रविवारी आली. रेवदंड्याच्या एस्टीतून उतरून थेट मागच्या पडवीत. चपला काढल्या नाहीत, पाणी घेतलं नाही. भाकरीला उचललं, तिच्या पोटावर बोटं फिरवली, कान पाहिला. मी बाजूला उभा होतो.

"पेटी धुतलीत तुम्ही?"

"स्वच्छ केली. नवी यायच्या आधी."

"कशाने?"

"साबणाने."

"आणि तिला आधी आत सोडलंत."

"पाहुणी म्हणून…"

"पाहुणी म्हणून." ती हसली. तसं हसणं मी तिच्या तोंडावर आधी पाहिलं नव्हतं. "बाबा, तुम्हाला घरात कोणी राहतंय हे दिसतच नाही का हो? तुम्हाला फक्त कोण येणार आहे ते दिसतं."

"मी तिच्या भल्यासाठीच…"

"तिच्या भल्यासाठी तिला खोलीतून काढलंत कशाला?"

मी म्हणालो, "दुसरी परत देऊन येतो अलिबागला."

"नको. सोबत तिला हवीच आहे. तुम्ही आणली ते बरोबर केलंत, तेवढं एकच." मग ती शांतपणे सांगू लागली, आणि तो शांतपणा मला जास्त लागला. दोघींना एकत्र आणायचं तर तिसऱ्या जागी आणतात. जिथे दोघींपैकी कोणाचाच वास नाही, कोणाचाच हक्क नाही. तिथे भांडण होतंच, पण ते घरासाठी होत नाही.

"अशी जागा घरात कुठे आहे?" मी म्हणालो.

"माझी खोली चालेल," केतकी म्हणाली. बाहीला चिकटलेलं गवत ती काढत होती. "ती आता कोणाचीच नाही."

"तिथे भाकरी पाच वर्षं राहिलीये. तिचा वास…"

"आहे का? जाऊन बघा."

आदल्या रात्रीचे पाहुणे सकाळी गेले होते. मी खोलीचं दार उघडून आत उभा राहिलो आणि खरंच हुंगलं. फिनेल होतं. कोणाच्या तरी सेंटचा पुसट वास होता. गवताचा वास नव्हता, पुस्तकांचा नव्हता, केतकीच्या केसांच्या तेलाचा नव्हता. मी माझं काम फार चोख केलं होतं.

केतकीने फरशीवर जुन्या चादरी पसरल्या. मधोमध गवताचा मोठा ढीग. दोन खोके आणले आणि दोन्ही खोक्यांना दोन-दोन तोंडं कापली. "एकच दार असलं तर आत अडकतात आणि मग जिवावर उठतात. पळायला वाट पाहिजे." मग दोघींना एकाच वेळी, दोन बाजूंनी सोडलं.

ते बघवत नव्हतं. पाहुणी अंगावर धावली, भाकरीने दात वाजवले, दोघी ढिगाभोवती फिरल्या, केस उडाले. पाहुणी भाकरीच्या पाठीवर चढली तेव्हा माझा हात आपोआप पुढे गेला, आणि केतकीने त्या हातावर फटका मारला. बापाच्या हातावर. जोरात. "मध्ये पडू नका. रक्त आलं तरच. तुम्ही मध्ये पडता म्हणून त्यांचं काही संपतच नाही." माझा हात लाल झाला होता. मी तो मागे घेतला आणि दारात बसलो. ती भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर टॉवेल तयार ठेवून. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो.

बाहेर हॉर्न वाजला. मंगल माजघरातून म्हणाली, "अहो, ठाण्याचे पाहुणे आलेत. खोली?"

मी केतकीकडे पाहिलं. तिने मान वळवली नाही. आता बाप काय करतो ते तिला बघायचंही नव्हतं; तिला ते आधीच माहीत होतं, असं तिच्या पाठीवरून दिसत होतं. मी उठून फाटकाशी गेलो. गाडीत पुढे नवरा-बायको, मागे पेंगुळलेली मुलं. "आमची खोली तयार आहे ना?"

"नाही," मी म्हणालो. "आज मिळणार नाही."

"म्हणजे? महिन्याभरापूर्वी बुक केलीये. आत दुसरे पाहुणे घातलेत का?"

काहीतरी थाप मारता आली असती. नळ फुटला, वीज गेली. पण माझ्या तोंडून खरं तेच गेलं. "घरात भांडण चाललंय."

ते गृहस्थ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं, आणि गाडी मागे घेतली. पुढच्या पाखाडीत त्यांची सोय मी फोन करून लावली. तरी त्यांनी माझ्याबद्दल नेटवर जे लिहायचं ते लिहिलंच. त्यात एक शब्द खोटा नव्हता.

परत आलो तेव्हा उन्हं कलली होती. भाकरी ढिगाच्या एका बाजूने गवत ओढत होती. खात होती. दुसऱ्या बाजूने पाहुणी. काडी दोघींच्या तोंडात आली की दात वाजायचे, मग एक मागे सरकायची. कधी ही, कधी ती.

"जमलं," मी म्हणालो.

"जमलं वगैरे काही नाही. एकमेकींना सहन करतायत," केतकी म्हणाली. "तेवढंच असतं आधी."

त्या रात्री ती तिथेच, त्यांच्या शेजारी फरशीवर झोपली. पलंगावर नाही, पलंगावर पाहुण्यांच्या चादरी होत्या. सकाळच्या एस्टीने गेली. मी थांब्यापर्यंत पिशवी घेऊन चाललो, तिने ती माझ्या हातातून काढून घेतली नाही, एवढंच.

दोघींना त्या खोलीतून हलवलं की पुन्हा दात वाजायचे. म्हणून त्या तिथेच राहिल्या. ती खोली मी पुन्हा कोणाला दिली नाही. सीझन तसाच पार पडला, पाऊस आला, गेला. भाकरीचा एक डोळा आता धूसर झालाय. पिशवी खुळखुळली की आधी पाहुणी ओरडते आणि तिच्या मागून, उशिरा, भाकरीचा जाड आवाज येतो. झोपताना दोघींमध्ये वीतभर अंतर असतं. ते अंतर दोघी पाळतात. मला त्याचाही हेवा वाटतो, कारण केतकी वर्षभरात एकदाच आली, गणपतीला, आणि माजघरात आईजवळ झोपून दुसऱ्या दिवशी गेली. मी स्वतःची समजूत घालत होतो की मी खोली सोडली, माझं काम झालं.

काल तिला फोन केला. "नाताळात येतेस का?"

"पाहुणे असतील ना."

"तुझी खोली देत नाही मी कोणाला. वर्षभर नाही दिली."

"तिथे कोण आहे मग?"

"भाकरी आणि पाहुणी."

"म्हणजे त्यांची झाली ती," केतकी म्हणाली. "त्यांना दिलीत तुम्ही. मला कुठे दिलीत."

ते असं कधी माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी घाईघाईने म्हणालो, "त्यांना पडवीत ठेवतो. तू येणार असशील तर आजच हलवतो."

"हात लावू नका त्यांना," ती इतक्या जोरात म्हणाली की तिच्या मागे बोलणाऱ्या मुली गप्प झाल्या. तिच्याकडच्या रस्त्यावरून ट्रक गेल्याचा आवाज आला. तो विरल्यावर तिने फोन ठेवला असेल असं वाटलं.

"येईन," ती म्हणाली. "पण मला एकदम आत नेऊ नका. चादरी बदलू नका, खोली धुऊ नका. मी आधी अंगणात बसेन. आईला सांगा, मध्ये पडू नकोस."

"आणि भांडण झालं तर?"

"होणारच आहे," ती म्हणाली. "पळायला वाट ठेवा फक्त."